पांढरे रस्ते (तोस्काना)

पांढरे रस्ते (इटालियन भाषेत 'स्त्रादे ब्यांके') हे इटलीच्या तोस्काना प्रदेशातील, मुख्यतः सियेना प्रांतातील, डांबर न घातलेल्या खडीच्या ग्रामीण रस्त्यांना रूढ झालेले नाव आहे. क्यांतीच्या डोंगरांचा पश्चिम पायथा, सियेनाच्या आग्नेयेस पसरलेल्या चिकणमातीच्या उघड्या टेकड्या आणि मोन्ताल्चिनोच्या परिसरातील द्राक्षमळे यांमधून हे रस्ते जातात. मध्ययुगीन गढ्या, तटबंदीची गावे, एकाकी चर्च आणि शेतघरे त्यांनी एकमेकांशी जोडलेली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे रस्ते झपाट्याने डांबराखाली जाऊ लागले होते. १९९७ साली जुन्या सायकलींच्या एका सहलीने त्यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले. आज ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे रुंद टायरच्या पण शर्यतीच्या सायकलीसारख्या वाकड्या हँडलच्या सायकलीवरून कच्च्या रस्त्यांवर केलेली भ्रमंती, या प्रकारातील जगप्रसिद्ध मार्गांमध्ये त्यांची गणना होते.

नाव आणि घडण

रस्त्यांचा पांढरा रंग स्थानिक दगडामुळे आला आहे. क्यांतीच्या टेकड्यांत 'आल्बेरेझे' नावाचा फिकट रंगाचा कठीण चुनखडक आणि 'गालेस्त्रो' नावाचा पापुद्र्यांनी सुटणारा मातकट खडक असे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. द्राक्षवेलींना ही दगडाळ जमीन मानवते, आणि शेत साफ करताना निघालेला दगड रस्त्यासाठी आयताच हाती येतो. आल्बेरेझे फोडून केलेली खडी रस्त्यावर दाबून बसवली की तिची बारीक भुकटी सांध्यांत शिरते. उन्हाळ्यात हीच भुकटी धुरळा होऊन उडते आणि कडेच्या वेलींवर, कुंपणांवर व प्रवाशांच्या अंगावर बसते.

सियेनाच्या आग्नेयेकडील प्रदेशास 'क्रेते सेनेसी' म्हणतात. 'क्रेता' म्हणजे चिकणमाती. काही दशलक्ष वर्षांपूर्वी, प्लायोसीन कालखंडात, येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला राखाडी गाळ आज टेकड्यांच्या रूपाने उघडा पडला आहे. पावसाने कोरलेल्या तीव्र घळी आणि मधूनच उठलेले बोडके पांढुरके उंचवटे यांमुळे हा भाग ओसाड भासतो. त्याच्या एका भागास 'आक्कोनाचे वाळवंट' असेच नाव आहे. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते आणि पावसात चाकांना घट्ट चिकटते. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल ढकलत नेलेल्या वाचकास हा त्रास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक मातीच्या रंगाचा.

चांगला पांढरा रस्ता हा कच्चा असला तरी बांधलेला रस्ता असतो. त्याचा मध्य किंचित उंच ठेवलेला असतो, दोन्ही कडांना पाणी वाहून नेणारे चर असतात आणि ठरावीक काळाने त्यावर नवी खडी पसरून रोलर फिरवावा लागतो. चर बुजले की पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि एका पावसाळी हंगामात उतारावर खोल घळ पडते. मोटारींच्या रहदारीने, विशेषतः चढावर आणि वळणांवर, पृष्ठभागावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटतात. त्यांवरून जाताना सायकलस्वाराचे मनगट आणि पाठ यांची चांगलीच परीक्षा होते.

पूर्वेतिहास

सियेनाच्या पालाझ्झो पुब्लिको या नगरभवनात आंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सुशासन आणि दुःशासन यांचे परिणाम दाखवणारी भित्तिचित्रे रंगवली. सुशासनाच्या चित्रात नगराच्या वेशीतून एक रस्ता बाहेर पडतो. घोड्यावरून शिकारीला निघालेले सरदार आणि माल लादलेल्या जनावरांसह शहराकडे येणारे शेतकरी त्यावर एकाच वेळी दिसतात. भोवती नांगरलेली शेते आणि द्राक्षमळे आहेत. रस्ता निर्भय आणि वाहता असणे हे चांगल्या राज्यकारभाराचे लक्षण मानले गेले होते, हे या चित्रातून स्पष्ट होते. सियेनाबाहेरच्या टेकड्यांकडे पाहिल्यास तो भूप्रदेश आजही सहज ओळखू येतो.

या भागातील सर्वांत महत्त्वाचा मध्ययुगीन मार्ग म्हणजे उत्तर युरोपातून रोमकडे जाणारा 'व्हिया फ्रान्चिजेना' हा यात्रामार्ग. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याने इ.स. ९९० च्या सुमारास रोमहून परतताना केलेल्या मुक्कामांची यादी उपलब्ध आहे. तीत सान क्विरिको, तोर्रेनिएरी आणि सियेना ही नावे आढळतात. आजच्या सायकल मार्गांचे काही तुकडे या यात्रामार्गाला स्पर्श करतात, त्यामुळे पाठीवर पिशवी घेतलेले पदयात्री आणि सायकलस्वार एकाच धुळीतून जाताना दिसतात.

असंख्य लहान रस्ते मात्र यात्रेकरूंसाठी नव्हे, शेतीसाठी निर्माण झाले. तोस्कानात अनेक शतके 'मेझ्झाद्रिया' ही बटाईची पद्धत होती. जमीनमालक शेत आणि घर देई, कुळाचे कुटुंब तेथेच राहून कसत असे आणि उत्पन्न दोघांत अर्धे अर्धे वाटले जाई. महाराष्ट्रातील अर्धेलीशी ही पद्धत मिळतीजुळती आहे; परंतु कूळ गावात न राहता शेतातील घरातच राहत असल्यामुळे प्रत्येक टेकडीवर एक घर आणि प्रत्येक घराकडे जाणारी एक वाट अशी रचना तयार झाली. आज छायाचित्रांत मोहक दिसणारी, दुतर्फा सरूच्या झाडांची वळणदार वाट ही बहुधा अशाच एखाद्या शेतघराची वाट असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था मोडली. तरुण पिढी फ्लोरेन्स, सियेना आणि उत्तरेकडील औद्योगिक शहरांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने बटाईचे नवे करार करण्यास बंदी घातली. शेकडो शेतघरे ओस पडली. ज्या रस्त्यांना रहदारी उरली ते डांबरी झाले आणि ज्यांना कोणी विचारले नाही ते पांढरे राहिले. या रस्त्यांचे सौंदर्य वर्णन करणाऱ्या पुष्कळशा लेखनात ही बाब सुटून जाते: ते टिकले ते आधी गरिबीमुळे आणि ओसाडीमुळे. त्यांना 'वारसा' म्हणणारे लोक नंतर आले.

सायकल शर्यतींच्या दृष्टीने पाहिल्यास, १९०९ साली 'जिरो दितालिया' ही इटलीची मोठी शर्यत सुरू झाली तेव्हा देशातील बहुतेक रस्ते असेच होते. फ्लोरेन्सजवळच्या पोन्ते आ एमा येथे जन्मलेला जिनो बार्ताली (१९१४-२०००) आणि त्याचा प्रतिस्पर्धी फाउस्तो कोप्पी यांच्या काळातील छायाचित्रांत धुळीने माखलेले चेहरे आणि खांद्यावर आडवे गुंडाळलेले सुटे टायर दिसतात. त्यांना खडीवर सायकल चालवण्यासाठी वेगळे नाव द्यावे लागले नाही, कारण दुसरा रस्ताच क्वचित होता. बार्तालीने महायुद्धकाळात ज्यू निर्वासितांसाठी बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळीत दडवून फ्लोरेन्स आणि असिसी यांच्या दरम्यान पोहोचवली. या कार्याबद्दल त्याला २०१३ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने मरणोत्तर गौरवले.

लेरोइका

गायोले इन क्यांती या गावचे जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ साली 'लेरोइका' ही सहल सुरू केली. नावाचा अर्थ 'वीरांची', म्हणजे सायकल शर्यतींच्या वीरयुगाची. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार सहभागी झाले. उद्देश दुहेरी होता: जुन्या काळच्या सायकलिंगची आठवण जागवणे आणि ज्या रस्त्यांवर ते घडले ते रस्ते डांबरापासून वाचवणे. रस्ते वाचवा असे सांगणारी सभा भरवण्याऐवजी त्या रस्त्यांची गरज असलेले लोक तेथे आणणे, ही ब्रोच्ची यांची कल्पना होती.

सहलीचे नियम वैशिष्ट्यपूर्ण आहेत. सायकल १९८७ पूर्वीच्या बांधणीची असावी लागते. गिअरचे दांडे सांगाड्याच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून आलेल्या आणि पेडलला पाऊल अडकवण्याची पट्टी असलेली कडी, अशा अटी आहेत. लोकरीच्या जर्सी आणि जुन्या धाटणीच्या टोप्या घालण्याचा प्रघात आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भरणाऱ्या या सहलीत आता जगभरातून हजारो लोक येतात. वेळ नोंदवून क्रमांक दिले जात नाहीत; ठिकठिकाणच्या चौक्यांवर पुस्तिकेत शिक्के मारून घ्यायचे असतात. विसाव्याच्या ठिकाणी पाव, मेंढीच्या दुधाचे चीज, ऑलिव्ह तेल, शिळ्या पावाचे भाजीयुक्त दाट सूप 'रिबोल्लिता' आणि हवी असल्यास क्यांतीची वाइन मिळते. रिबोल्लिताचा शब्दशः अर्थ 'पुन्हा उकळलेली' असा आहे. उरलेल्या अन्नाला दुसऱ्या दिवशी अधिक चव येते, हा अनुभव तोस्कानाच्या कुळांच्या स्वयंपाकघरातही होता.

जपान, ब्रिटन, स्पेन इत्यादी देशांत लेरोइकाच्या धर्तीवर सहली निघाल्या आहेत. आधुनिक ग्रॅव्हल सायकलींसाठी त्याच आयोजकांनी बुओनकोन्व्हेन्तो येथे 'नोव्हा एरोइका' हा स्वतंत्र कार्यक्रमही चालवला आहे.

मुख्य मार्ग

लेरोइकाचा सर्वांत लांब मार्ग सुमारे २०९ किलोमीटरचा असून त्यातील निम्म्याहून अधिक अंतर खडीचे आहे. एकूण चढ साडेतीन हजार मीटरहून जास्त भरतो. तोस्कानातील टेकड्या फार उंच नाहीत. क्यांतीच्या डोंगररांगेतील सर्वोच्च शिखरही सुमारे ८९० मीटरचे आहे. परंतु रस्ता सतत दरीत उतरतो आणि पुन्हा चढतो, त्यामुळे ही बेरीज होते. हा मार्ग कायमस्वरूपी फलकांनी आखलेला आहे आणि वर्षातील कोणत्याही दिवशी, कोणत्याही सायकलीवरून करता येतो. सहलीच्या दिवशी तो एका दिवसात पुरा करण्यासाठी पहाटे अंधारात निघावे लागते. इतर वेळी तीन-चार दिवसांत विभागणे शहाणपणाचे ठरते.

आरंभ गायोलेत होतो. डोंगरमाथ्यावरील गढ्यांचे हे बाजाराचे गाव होते, म्हणून ते भोवतालच्या गढ्यांप्रमाणे उंचावर नसून ओढ्याकाठी खोलगटात वसले आहे. पहिला मोठा चढ ब्रोलिओच्या गढीकडे नेतो. सरूच्या झाडांमधून जाणाऱ्या या पांढऱ्या चढावर सहलीच्या पहाटे दोन्ही बाजूंना दिवे लावलेले असतात. ब्रोलिओ ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे. फ्लोरेन्सच्या बाजूचे हे सीमेवरचे ठाणे सियेनाच्या अगदी नजरेच्या टप्प्यात असल्याने त्यावर वारंवार हल्ले झाले. याच घराण्यातील बेत्तिनो रिकासोली (१८०९-१८८०) हे एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान. क्यांती वाइनमध्ये कोणत्या जातीची द्राक्षे का वापरावीत हे त्यांनी १८७२ च्या एका पत्रात मांडले, आणि तेथून क्यांतीचे आधुनिक स्वरूप ठरत गेले.

गायोले, राद्दा आणि कास्तेल्लिना ही तीन गावे मध्ययुगात फ्लोरेन्सच्या अधिपत्याखालील 'क्यांती संघा'चे तीन भाग होती. संघाचे चिन्ह काळा कोंबडा होते. त्यामागे एक आख्यायिका सांगतात. फ्लोरेन्स आणि सियेना यांनी सीमावाद मिटवण्यासाठी असे ठरवले, की कोंबडा आरवताच दोन्ही नगरांतून एकेक स्वार निघावा आणि जेथे त्यांची भेट होईल तेथे सीमा मानावी. सियेनाने पांढरा कोंबडा निवडून त्याला भरपूर खाऊ घातले. फ्लोरेन्सने काळा निवडला आणि उपाशी ठेवला. भुकेला कोंबडा उजाडण्याआधीच आरवला. त्यामुळे फ्लोरेन्सचा स्वार सियेनाच्या जवळ पोहोचला आणि जवळजवळ सारी क्यांती फ्लोरेन्सला मिळाली. इतिहास म्हणून या कथेला आधार नाही. पण सियेनाची वेस क्यांतीच्या टेकड्यांपासून इतकी जवळ असूनही तो मुलूख फ्लोरेन्सचा कसा, हा प्रश्न सायकलवरून जाणाऱ्यालाही पडतो, आणि कथेने त्याचे उत्तर दिले आहे.

सियेनाच्या दक्षिणेस वस्ती विरळ होते. मुर्लो हे घरांच्या भिंतींनीच तटबंदी केलेले लहानसे गाव सियेनाच्या बिशपांच्या ताब्यात होते. त्याच्या शेजारी पोज्जो चिव्हिताते या टेकडीवर १९६६ पासून झालेल्या उत्खननात इट्रस्कन लोकांची भव्य इमारत सापडली. तिच्या छपरावर भाजलेल्या मातीच्या मोठ्या मानवी मूर्ती होत्या. त्यांपैकी उंच टोपी घातलेली, टोपीचे काठ विलक्षण रुंद असलेली दाढीवाली मूर्ती गावातील संग्रहालयात आहे. रोमच्या उदयापूर्वीही या टेकड्यांवर नांदते लोक होते, हे तिच्यामुळे ध्यानात येते.

मुर्लोनंतर कास्तिल्योन देल बोस्कोचा दीर्घ चढ येतो. त्यापुढे सुमारे ५६० मीटर उंचीवर मोन्ताल्चिनो आहे. १५५५ मध्ये स्पेन आणि फ्लोरेन्सच्या सैन्यापुढे सियेना शरण गेली, तेव्हा काही सियेनावासी या गावी आले आणि १३६१ मध्ये बांधलेल्या येथील किल्ल्याच्या आश्रयाने त्यांनी आपले गणराज्य आणखी चार वर्षे जिवंत ठेवले. आज गावाची ख्याती 'ब्रुनेल्लो' या वाइनमुळे आहे. दक्षिणेस आमियाता हा १७३८ मीटर उंचीचा मृत ज्वालामुखी दिसतो आणि पुढचा बराच काळ तोच दिशा ओळखण्याची खूण ठरतो. आमियाता आणि मोन्ताल्चिनो यांच्यामधली वाल दोर्चा ही दरी २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मोन्ताल्चिनोहून तोर्रेनिएरीमार्गे रस्ता पुन्हा उत्तरेकडे वळतो आणि क्रेते सेनेसीत शिरतो. जवळच, विटांच्या तटबंदीतील बुओनकोन्व्हेन्तो येथे सम्राट सातवा हेन्री २४ ऑगस्ट १३१३ रोजी मरण पावला. इटलीत साम्राज्याची सत्ता पुन्हा उभी राहील ही कवी दान्तेची आशा त्याच्याबरोबर संपली. सरूंच्या वनात लपलेला मोन्ते ओलिव्हेतो माज्जोरे हा मठही या बाजूस आहे. लुका सिन्योरेल्ली आणि सोदोमा या चित्रकारांनी त्याच्या ओवऱ्यांत संत बेनेडिक्टचे चरित्र रंगवले आहे.

आशानो सोडल्यावर मोन्ते सान्ते मारियेचा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा तुकडा लागतो. संपूर्ण मार्गातील हा सर्वांत अवघड आणि बहुधा सर्वांत सुंदरही भाग. झाडाची सावली जवळजवळ नाही, तीव्र उतारापाठोपाठ तितकाच तीव्र चढ येतो आणि दोन्ही बाजूंना मातीच्या घळी आहेत. पुढे कास्तेलनुओव्हो बेरार्देंगाच्या परिसरात मोन्तापेर्तीची टेकडी आहे. ४ सप्टेंबर १२६० रोजी येथे सियेनाने फ्लोरेन्सचा दारुण पराभव केला. दान्तेने आपल्या महाकाव्यात या संहाराचा उल्लेख केला आहे. सरूंच्या झाडांत उभा असलेला एक लहान दगडी पिरॅमिड एवढीच आज तेथे खूण आहे. नंतर मार्ग राद्दाकडे चढतो. राद्दा हे क्यांती संघाचे मुख्य ठाणे होते. तेथील न्यायाधिकाऱ्यांच्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांची घराणेचिन्हे बसवलेली आहेत. तेथून गायोले जवळ आहे.

व्यावसायिक शर्यत

लेरोइकाच्या यशातून ९ ऑक्टोबर २००७ रोजी याच रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यत सुरू झाली. पहिली शर्यत रशियाच्या अलेक्झांडर कोलोब्नेव्हने जिंकली. पुढील वर्षापासून ती मार्च महिन्यात होऊ लागली आणि नंतर 'स्त्रादे ब्यांके' हेच तिचे नाव झाले. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेल्लाराने २००८, २०१२ आणि २०१६ मध्ये विजय मिळवला. मोन्ते सान्ते मारियेच्या तुकड्याला त्याचे नाव देण्यात आले आहे. २०१५ पासून महिलांची शर्यतही होते. २०१७ मध्ये पुरुषांच्या शर्यतीचा समावेश सर्वोच्च दर्जाच्या जागतिक मालिकेत झाला. अलीकडच्या वर्षांत तिचे अंतर २०० किलोमीटरहून थोडे जास्त असते आणि त्यात सत्तर-ऐंशी किलोमीटर पांढरे रस्ते येतात. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने सुमारे ८१ किलोमीटर आधीच सर्वांना मागे टाकले आणि शेवटपर्यंत तो एकटाच राहिला.

शर्यतीचा शेवट सियेनाच्या शंखाकृती प्याझ्झा देल काम्पो या चौकात होतो. त्याआधी सान्ता कातेरिना या फरसबंद गल्लीतील चढ सोळा टक्क्यांपर्यंत जातो. शंभर वर्षांहून अधिक परंपरा असलेल्या शर्यतींच्या तुलनेत ही शर्यत अगदी कोवळी आहे. तरीही अनेक सायकलस्वार तिला त्यांच्या बरोबरीने मान देतात.

२०१० च्या जिरो दितालियात कारारा ते मोन्ताल्चिनो हा टप्पा मुसळधार पावसात या रस्त्यांवरून झाला. पांढरी धूळ काळसर चिखल झाली, स्पर्धकांचे क्रमांक आणि चेहरे ओळखू येईनासे झाले. तत्कालीन जगज्जेता ऑस्ट्रेलियाचा कॅडेल इव्हान्स तो टप्पा जिंकला.

ग्रॅव्हल सायकल

ग्रॅव्हल सायकलिंग हा क्रीडाप्रकार या नावाने अमेरिकेच्या मध्यभागी, कॅन्ससमधील फ्लिंट हिल्ससारख्या भागांत वाढला. तेथील एम्पोरिया गावची आज 'अनबाउंड' या नावाने ओळखली जाणारी शर्यत २००६ मध्ये सुरू झाली. जागतिक सायकल महासंघाची पहिली ग्रॅव्हल जगज्जेतेपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीच्याच व्हेनेतो प्रदेशात झाली. लेरोइका या दोन्हींच्या आधीची आहे; मात्र तिच्यातील सायकली मागे पाहणाऱ्या आणि ग्रॅव्हल सायकली पुढे पाहणाऱ्या. रस्ता तोच आहे.

ग्रॅव्हल सायकलीचे टायर साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा शर्यतीच्या सायकलीपेक्षा बरीच कमी ठेवतात. कमी हवेचा टायर खडीवर पसरतो, पकड घेतो आणि हादरे गिळतो. बहुतेक टायर ट्यूबविरहित असून त्यांत टाकलेला चिकट द्रव लहान छिद्रे आपोआप बुजवतो. डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर यांमुळे सामान लादलेली सायकलही तीव्र चढावर नेता येते. पांढऱ्या रस्त्यांवर धोका चढापेक्षा उताराला अधिक असतो. सुट्या खडीत पुढचा ब्रेक एकाएकी दाबल्यास चाक निसटते. मोटारींच्या चाकांनी दाबून घट्ट झालेल्या दोन चाकोऱ्यांपैकी एक धरून जावे, वळणाआधीच वेग कमी करावा आणि मधल्या सुट्या खडीचा पट्टा ओलांडताना हँडल घट्ट आवळू नये, हे तेथील रूढ शहाणपण आहे.

जतनाचा प्रश्न

पांढऱ्या रस्त्यांपैकी काही प्रांताच्या, काही नगरपालिकांच्या अखत्यारीत आहेत. 'व्हिचिनाले' म्हणून ओळखले जाणारे अनेक रस्ते खासगी जमिनीतून जातात. त्यांवर सार्वजनिक वहिवाट असते आणि देखभालीचा भार भोवतालच्या जमीनमालकांचे मंडळ आणि नगरपालिका मिळून उचलतात. आपल्याकडील पाणंद आणि शिवरस्ते यांच्याबाबत उद्भवणारे वाद तेथेही उद्भवू शकतात हे उघड आहे.

डांबराची मागणी करणारा रहिवासी हा सौंदर्याचा शत्रू नसतो. उन्हाळ्यात खिडक्या उघडता न येणे, वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसणे, हिवाळ्यात शाळेची गाडी किंवा रुग्णवाहिका उशिरा पोहोचणे, मोटारीची झीज होणे या त्याच्या रोजच्या अडचणी आहेत. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्याने त्याला धुरळ्यातील काव्य समजावून सांगणे योग्य नव्हे. दुसऱ्या बाजूने, डांबर पडल्यावर वाहनांचा वेग वाढतो, पाणी जमिनीत न मुरता कडेने जोरात वाहते आणि रस्त्याचे भोवतालच्या भूदृश्याशी असलेले नाते तुटते. एकदा डांबरी झालेला रस्ता पुन्हा पांढरा झाल्याची उदाहरणे विरळाच.

लेरोइकाने या वादात एक नवी गोष्ट आणली: पांढऱ्या रस्त्याला उत्पन्न मिळवून दिले. ओस पडलेल्या शेतघरांत निवासाची सोय झाली, सायकल भाड्याने देणारी दुकाने आली, मार्च आणि ऑक्टोबर या एरवी शांत महिन्यांतही गावात गिऱ्हाईक दिसू लागले. त्यामुळे रस्ता तसाच ठेवण्याच्या बाजूला आर्थिक कारण मिळाले. त्याचबरोबर जुनी शेतघरे श्रीमंत शहरी आणि परदेशी लोकांच्या हाती गेली आणि ज्यांच्या पूर्वजांनी खडी फोडली त्यांच्यापैकी अनेकांना त्या टेकड्यांवर घर परवडेनासे झाले. ही प्रक्रिया सायकलींच्या आधीपासूनची आहे. इंग्रज रहिवाशांच्या संख्येवरून क्यांतीला 'क्यांतीशायर' म्हणण्याची थट्टा जुनीच. पण सायकलींनी तिला अटकाव केलेला नाही. शिवाय हजारो चाके आणि त्यांच्यासोबतच्या मोटारी एकाच दिवशी गेल्यावर रस्त्याची दुरुस्ती करावी लागते ती लागतेच.

हंगाम आणि प्रवास

एप्रिल ते जूनचा आरंभ आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ सर्वांत सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्ये क्रेते सेनेसीत सावलीविना तापमान असह्य होऊ शकते आणि गावागावांतील सार्वजनिक नळांवर पाणी भरून घेणे अत्यावश्यक ठरते. सलग पावसानंतर मातीचे रस्ते एक-दोन दिवस टाळावेत. सियेनात २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी 'पालिओ' ही घोड्यांची शर्यत होते. त्या सुमारास शहरात मुक्काम मिळणे कठीण असते.

बहुतेक परदेशी प्रवासी फ्लोरेन्समार्गे येतात. मराठी वाचकांस या शहरात एक स्थळ विशेष जवळचे वाटेल. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, फ्लोरेन्समध्ये निधन पावले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे, कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाशी, छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा १८७४ पासून उभा आहे. जवळच्या आधुनिक पुलास 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे 'भारतीयाचा पूल', असे नाव आहे. उद्यानातील सायकलवाटेने या स्मारकापर्यंत जाता येते.

फ्लोरेन्सहून सियेनाला जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांत तिकीट काढून सायकल नेता येते. गायोलेला रेल्वे स्थानक नाही. सियेनाहून ते अंतर सायकलने किंवा मोटारीने गाठावे लागते. बुओनकोन्व्हेन्तो आणि आशानो येथे स्थानके आहेत. पूर्ण मार्ग करण्याइतका वेळ नसल्यास आशानोला उतरावे. मोन्ते सान्ते मारियेचा पांढरा रस्ता स्थानकापासून थोड्याच अंतरावर सुरू होतो.